राजवाड्याची तसबीर आणि वन बीएचकेची भिंत

कोरीव मुद्राचित्र, म्हणजे बाजारात ज्याला सरसकट ‘एनग्रेव्हिंग’ म्हणतात ते, तांब्याच्या किंवा पोलादाच्या पत्र्यावर कोरणीने उलटे चित्र कोरून, त्या चरांत शाई भरून, पत्र्याचा वरचा भाग पुसून आणि मग त्यावर ओलसर कागद दाबून काढलेला छाप होय. आणि जुन्या राजवाड्यांचे असले छाप चौकटीत बसवून दिवाणखान्यात टांगण्याची युरोपीय हौस दोन-तीनशे वर्षांचा प्रवास करीत अखेर मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर, विठ्ठलवाडी ते बदलापूर या पट्ट्यात येऊन पोहोचली, ही सांस्कृतिक इतिहासातली एक दुर्लक्षित घटना आहे. ती दुर्लक्षित राहिली याचा दोष अभ्यासकांना देता येत नाही, कारण या पट्ट्याविषयी लिहिणाऱ्यांना लोकलची गर्दी, पाण्याचा टँकर आणि वालधुनी नदीचा रंग यांतून मान वर काढून कुणाच्या हॉलच्या भिंतीकडे पाहण्याची सवड आजवर मिळालेली नाही.

या हौसेपुढे पहिली अडचण भाषेची येते. मराठी घरात काचेमागे गेलेली कोणतीही वस्तू ‘फोटो’ होते, मग ती छापलेली असो, रंगवलेली असो वा विणलेली असो. आणि फोटोचे मान्य प्रकार तीनच आहेत : देवांचे, दिवंगतांचे आणि लग्नातले. पूर्वीचा ‘तसबीर’ हा शब्द अधिक उदार होता. पुण्याच्या चित्रशाळेने १८७८ पासून आणि रविवर्म्याच्या छापखान्याने १८९४ पासून शिळाछापाच्या, म्हणजे दगडावर तेलकट खडूने चित्र काढून त्यावरून छापण्याच्या पद्धतीने, देवादिकांच्या आणि थोर पुरुषांच्या ज्या प्रती घरोघर पोहोचवल्या, त्यांना लोक तसबिरीच म्हणत. त्या तसबिरींत राजे होते, राण्या होत्या, प्रधानही होते. पण माणूस वगळून नुसती इमारत टांगण्याची कल्पना मराठी भिंतीला नवी आहे. त्यामुळे बदलापूरच्या एखाद्या सदनिकेत पाहुणा आला, चप्पल काढताना त्याची नजर समोरच्या काळ्या-पांढऱ्या राजवाड्यावर गेली, की तो प्रथम थोडा गंभीर होतो आणि आवाज उतरवून ‘हे कुठलं?’ असे विचारतो. ‘फ्रान्स’ असे उत्तर मिळाल्यावर त्याचा दुसरा प्रश्न ‘तुम्ही जाऊन आलात?’ हा असतो, आणि त्याला ‘नाही’ म्हणावे लागले की पुढचा चहा काहीशा संशयाच्या वातावरणात होतो. दसऱ्याला तर हा गोंधळ शिगेला जातो. त्या दिवशी दार, टीव्ही, फ्रीज, स्कूटर अशा घरातल्या एकूण एक उपयुक्त वस्तूला झेंडूची माळ पडते, उरलेली माळ कुणीतरी सद्भावनेने राजवाड्याच्या चौकटीवर चढवतो, आणि मग संध्याकाळी सोने द्यायला आलेली मंडळी त्या इमारतीकडे पाहून क्षणभर हात जोडतात.

खरे मुद्राचित्र ओळखण्याची शास्त्रीय रीत सोपी आहे. तांब्याचा पत्रा दाबयंत्राखाली जाताना त्याच्या कडा कागदात रुततात, आणि चित्राभोवती बोटाला जाणवेल असा आयताकृती दाब उमटतो. त्याला पत्र्याची खूण म्हणतात. दुसरी परीक्षा भिंगाची. भिंगातून रेघा दिसल्या तर चित्र कोरलेले आहे, आणि अंगणातल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखे नेटके ठिपके दिसले तर ते ऑफसेटवर छापलेले, म्हणजे नात्याने शिवकाशीच्या कॅलेंडराचे चुलतभावंड आहे. तिसरी परीक्षा कागदाची असून ती या पट्ट्याला विशेष जवळची ठरावी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातला चांगला कागद लाकडाच्या लगद्याचा नसून सुती आणि तागी चिंध्यांचा असे. जुनी धोतरे-सदरे गोळा करणारे भंगारवाले हा त्या कागदधंद्याचा पाया होता, आणि त्या चिंध्यांमुळेच अडीचशे वर्षांपूर्वीचा छाप आजही मऊ आणि पांढरा राहतो, तर कालचे वर्तमानपत्र परवा पिवळे पडते. उल्हासनगरात कॅम्प पाचच्या बाजूला जीन्सच्या कारखान्यांतून गोणी भरभरून बाहेर पडणारी चिंधी ज्याने पाहिली आहे, त्याला व्हर्सायचा राजवाडा मुळात कशावर उभा आहे हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळायला हरकत नाही. राजवाड्यांची ही चित्रे केवळ शोभेसाठी काढली जात होती, असा समज पुष्कळ सुशिक्षितांत आढळतो आणि तो साफ चुकीचा आहे. फ्रान्सचा चौदावा लुई याच्या कोल्बेर नावाच्या मंत्र्याने राजाचे वाडे, बागा, विजय आणि मेजवान्या यांची कोरीव चित्रे सरकारी खर्चाने करवून घेतली, आणि ‘काबिने द्यू र्वा’ या नावाने ओळखले जाणारे ते संग्रह परदेशी वकिलांना व पाहुण्यांना भेट दिले जात. म्हणजे मूळ हेतू असा की, दूरच्या माणसाने इमारत न पाहताच तिच्यावर भाळावे. या हेतूने छापलेल्या गुळगुळीत चित्रांना आजच्या मराठीत एक नेमका शब्द आहे, आणि तो शब्द ‘ब्रोशर’ हा होय. कल्याणच्या पुढे ज्याने घर घेतले आहे त्या प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी असे ब्रोशर हातात धरलेले असते : त्यात हिरवळ असते, पोहण्याचा तलाव असतो, गोऱ्या कातडीचे एक कुटुंब सायकल चालवीत असते, आणि अगदी खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, ही केवळ चित्रकाराची कल्पना असल्याचे निवेदन असते.

व्हर्सायच्या छापांत असे निवेदन नाही, एवढाच काय तो फरक. पेरेल घराण्यातल्या कोरणाऱ्यांनी सतराव्या शतकात काढलेली त्या बागेची चित्रे पाहावीत : जिथे पाहावे तिथे कारंजी, आणि सगळी एकाच वेळी उडत असलेली. वस्तुस्थिती अशी होती की व्हर्सायला पाणी पुरत नव्हते. सीन नदीचे पाणी वर चढवण्यासाठी मार्ली येथे चौदा अजस्र चाकांचे यंत्र बसवण्यात आले, ते १६८४ मध्ये सुरू झाले, त्याच्या खडखडाटाने आसपासच्या वस्तीची झोप उडाली, आणि तरीही सगळी कारंजी सतत चालू ठेवण्याइतके पाणी काही मिळाले नाही. मग बागेतल्या नोकरांनी एक व्यवस्था बसवली : राजाची स्वारी ज्या वाटेने जाईल तिथली कारंजी शिट्टीच्या इशाऱ्यावर सोडायची आणि स्वारी पुढे सरकली की मागची बंद करायची. ही व्यवस्था वाचून पॅरिसच्या पर्यटकाला गंमत वाटते. बदलापूरच्या माणसाला वाटत नाही, कारण त्याच्या सोसायटीत वॉचमन सकाळी सहाला ‘ए’ विंगचा व्हॉल्व्ह सोडतो, साडेसहाला तो बंद करून ‘बी’ विंगचा सोडतो, बारवी धरण भरले की नाही याची बातमी सगळी इमारत शेअर बाजाराच्या निर्देशांकासारखी पाहते, आणि ब्रोशरमधला धबधबा प्रवेशद्वाराशी अजूनही कोरडाच उभा असतो. चौदाव्या लुईला आणि ‘बी’ विंगच्या चौथ्या मजल्याला एकच दुःख होते, हे ज्याला पटले त्याच्याच घरी ती तसबीर खऱ्या अर्थाने शोभते.

ब्रोशरशी असलेले हे नाते आणखीही पुरावे देते. इंग्लंडात १७०७ मध्ये ‘ब्रिटानिया इलुस्त्राता’ या नावाने राजघराण्याच्या आणि उमरावांच्या वाड्यांचा एक संग्रह निघाला. चित्रे लेओनार्ड निफची आणि कोरकाम योहानेस किपचे. या दोघा डच कारागिरांनी प्रत्येक वाडा आकाशातून दाखवला आहे : छपरे, तबेले, भाजीच्या वाफ्यांच्या रांगा आणि क्षितिजापर्यंत सरळ रेषेत गेलेले वृक्ष. माणूस फुग्यात बसून प्रथम हवेत गेला तो १७८३ साली, म्हणजे शहात्तर वर्षांनंतर. तेव्हा हे विहंगम दृश्य या दोघांनी कोणत्या पक्ष्याला विचारून काढले असा प्रश्न पडावा. वास्तविक त्यांनी जमिनीवर मोजमापे घेऊन उंचीची कल्पना केली, आणि मालकाने अजून न लावलेली झाडेही भक्तिभावाने लावून टाकली. आजचा बिल्डर ड्रोन उडवतो आणि शेजारची झोपडपट्टी पुसून तिथे निळे तळे ठेवतो, यात तंत्राची प्रगती आहे, वृत्तीची नाही.

आपल्याकडचे राजवाडेही याच वाटेने भिंतीवर आले. टॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम या दोघांनी हिंदुस्थानभर हिंडून काढलेली ‘ओरिएंटल सीनरी’ १७९५ ते १८०८ या काळात लंडनमध्ये छापली गेली. एकूण १४४ चित्रे ॲक्वाटिंटची, म्हणजे पत्र्यावर राळेची पूड पसरून तो आम्लात बुडवायचा आणि जलरंगासारखी फिकट-गडद छटा मिळवायची या पद्धतीची होती, आणि पूर्ण संचाला २१० पौंड पडत. पुढे रॉबर्ट ग्रिंडले नावाच्या फौजी अधिकाऱ्याने खास पश्चिम हिंदुस्थानावर संग्रह काढला. त्यात बोरघाटाची चढणही आहे. कर्जत लोकलने शेवटपर्यंत गेल्यास दिसणारा हा डोंगर तिथे इतका रम्य आणि निर्मनुष्य दिसतो, की सकाळची सात सत्तावीस पकडणाऱ्याला हा आपलाच मार्ग आहे हे पटत नाही.

मराठी माणसाने टांगावा असा राजवाडा अर्थात शनिवारवाडा. थोरल्या बाजीरावाने १७३० च्या जानेवारीत त्याचा पाया घातला, १७३२ मध्ये वास्तुशांत केली, आणि एकूण खर्च १६,११० रुपये झाल्याची नोंद आहे, ज्या रकमेत आज कुळगावात स्टिल्ट पार्किंगचा पिवळा पट्टाही आखून मिळत नाही. सवाई माधवरावाच्या कारकिर्दीत याच वाड्यात इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या देखरेखीखाली चित्रशाळा चालली, गंगाराम तांबट नावाचा पुण्याचा गुणी कलावंत तिथे तयार झाला, आणि पेशव्यांचा दरबार एका भव्य चित्रात उतरवण्याचे वेल्सने मनावर घेतले. वेल्स १७९५ मध्ये मरण पावला. चित्र पुरे केले ते टॉमस डॅनियलने, लंडनमध्ये, १८०५ च्या सुमारास, वेल्सची टिपणे समोर ठेवून. इंग्रजांशी तह करण्यासाठी १७९० मध्ये भरलेल्या त्या दरबारात तो स्वतः हजर नव्हता, आणि खरे म्हणजे वेल्सही नव्हता, कारण तो पुण्यास पोहोचला तेव्हा तह होऊन गेला होता. त्या चित्रावरून पुढे छापही निघाला. १८२८ मध्ये वाडा जळाला, आणि आता गणेश रंगमहालाची आठवण म्हणून आपण जे पाहतो ते एकाने न पाहिलेल्या समारंभाचे, दुसऱ्याने न पाहिलेले, तिसऱ्याने छापलेले दृश्य आहे. इतिहासाची ही रीत ज्यांना धक्कादायक वाटते त्यांनी सॅम्पल फ्लॅट पाहून घर घेतलेले नसावे.

छापाच्या खाली, दोन कोपऱ्यांत, बारीक अक्षरांत दोन नावे असतात. डावीकडच्या नावापुढे लॅटिनमध्ये ‘डेलिनेआविट’ म्हणजे ‘रेखाटले’, आणि उजवीकडच्या नावापुढे ‘स्कल्प्सिट’ म्हणजे ‘कोरले’ असे लिहिलेले असते. हे दोघे बहुधा वेगवेगळे आणि अनेकदा वेगळ्या खंडांत राहणारे. मराठी पाहुणा मात्र ही नावे भिंग न लावताच समजून घेतो : मंदिराच्या पायरीवर, स्मशानाच्या बाकावर आणि स्टेशनच्या पाणपोईवर कोपऱ्यातले नाव देणगीदाराचे असते, तेव्हा हा फोटो कुणीतरी कुणाच्या तरी स्मरणार्थ दिला, इतके त्याला पुरते.

उल्हासनगरचा या कलेशी असलेला संबंध मात्र केवळ चिंधीपुरता नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेली ही लष्करी छावणी, फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळजवळ एक लाख निर्वासितांना देण्यात आली, ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिला उल्हास नदीवरून नाव मिळाले, आणि सैनिकांच्या लांबलचक बराकींत गोणपाटाचे पडदे लावून एकेका खणात एकेक कुटुंब राहू लागले. आता त्याच जागी संगमरवरी जिन्यांची घरे उभी आहेत, पण पत्ता अजून ‘बॅरेक नंबर’ने सुरू होतो, म्हणजे राजवाड्याचे चित्र ज्या भिंतीवर लागते ती भिंत कागदोपत्री अद्याप छावणीतच आहे. गंमत अशी की एकोणिसाव्या शतकातल्या सचित्र साप्ताहिकांची मोठी चित्रेही बराकीसारखीच बनत. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’साठी बॉक्सवुड या कठीण लाकडाचे तुकडे स्क्रूने जोडून एक ठोकळा करीत, त्यावर चित्र काढून झाले की तुकडे सुटे करून वेगवेगळ्या कारागिरांना वाटीत, कुणी आकाश कोरी, कुणी कमानी, कुणी हत्ती, आणि रातोरात ते पुन्हा जोडून छपाईला देत. नीट पाहिले तर राजवाड्याच्या मधून जाणारी एक बारीक पांढरी रेघ दिसते. ती सांध्याची असते; बराकीत गोणपाट जिथे होते तिथेही जुन्या भिंतीवर अशीच रेघ राहिलेली असे.

शहराची ख्याती नकलेची आहे, आणि ‘मेड इन यूएसए’ याचा अर्थ ‘मेड इन उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा लावणारा विनोद आता इतका जुना झाला आहे की त्यालाही पुरातन वस्तू म्हणायला हरकत नाही. या विनोदाने खट्टू होण्याचे कारण उल्हासनगराला नाही. कोरीव छापाचा सगळा धंदाच नकलेवर पोसला होता : एकाचे चित्र गाजले की आठवड्यात दुसरा दुकानदार ते जसेच्या तसे कोरून अर्ध्या किमतीत विकी, आणि हा त्रास इतका वाढला की विल्यम हॉगार्थ या चित्रकाराच्या खटपटीने इंग्लंडच्या संसदेला १७३५ मध्ये कोरीव चित्रांच्या संरक्षणाचा खास कायदा करावा लागला. आज ज्याला संग्राहक ‘तत्कालीन नक्कल’ म्हणून आदराने भिंतीवर लावतो, ती त्या काळी गजानन मार्केटच्या भाषेत सरळ फर्स्ट कॉपी होती. फर्निचर बाजारात नव्या सागवानी चौकटीला पॉलिश, राख आणि थोडी खरखर देऊन ‘अँटिक फिनिश’ चढवणारा कारागीर जेव्हा गिऱ्हाइकाला ‘साहेब, जुनी पाहिजे की जुन्यासारखी?’ असे विचारतो, तेव्हा तो कलाव्यवहारातला मूलभूत प्रश्न विचारीत असतो, आणि त्याच्याइतक्या प्रामाणिकपणे तो लंडनच्या लिलावगृहातही क्वचित विचारला जातो.

सिंधी घरांत मात्र एक निराळी तसबीर शोभली असती. हैदराबाद-सिंधचा पक्का किल्ला गुलाम शाह कल्होडा याने १७६८ मध्ये बांधला, तालपूर मीरांनी त्यात दरबार भरवले, १८४३ मध्ये इंग्रजांनी तो घेतला, आणि तीनच वर्षांनी लेफ्टनंट विल्यम एडवर्ड्स याचा ‘स्केचेस इन सिंध’ हा शिळाछाप चित्रांचा संग्रह लंडनमध्ये विक्रीला आला. ज्यांच्या आजोबांनी हा किल्ला डोळ्यांनी पाहिला होता, त्यांच्या भिंतीवर झुलेलाल असतात, आजोबा असतात आणि मधल्या जागेत स्वित्झर्लंडचा बर्फ असतो. पक्का किल्ला सहसा नसतो. विचारल्यास म्हातारी बाई म्हणते, ‘वो तो घर का था, उसका फोटो कौन निकालता?’

अंबरनाथचा प्रश्न सर्वांत अवघड, कारण तिथे राजा आहे आणि राजवाडा नाही. शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० च्या शिलालेखाचे, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातले शिवमंदिर वालधुनीच्या काठी उभे आहे. त्याला ‘हेमाडपंती’ म्हणण्याचा प्रघात असला तरी हेमाडपंत त्यानंतर दोनशे वर्षांनी झाले, आणि शैलीचे खरे नाव भूमिज, म्हणजे मुख्य शिखराच्या अंगावर लहान शिखरांच्या उभ्या रांगा रचण्याची रीत, असे आहे. राजा स्वतः राहिला कुठे याचा मागमूस आसपास दिसत नाही. १८६८ मध्ये मुंबई सरकारने जे. जे. कलाशाळेच्या मंडळींकडून या मंदिराची रेखाचित्रे, छायाचित्रे आणि शिल्पांचे साचे करवून घेतले, त्या अर्थी हौशी माणसाला अंबरनाथची अस्सल जुनी चित्रे अंबरनाथमध्येच टांगता येतील. पण मंदिर रिक्षाने वीस मिनिटांवर असताना त्याचा फोटो हॉलमध्ये लावणे गावकऱ्यांना उधळपट्टी वाटते, आणि शिवाय देवाचा फोटो म्हटला की तो देवघराकडे सरकतो. खरे सांगायचे तर अंबरनाथने छापील चित्रांची आपली सेवा दुसऱ्याच मार्गाने केली. स्वीडिश भांडवलाच्या ‘विमको’चा काडेपेटीचा कारखाना येथे दशकानुदशके चालला, आणि जहाज, चित्ता असल्या इंचभर चित्रांनी देशातल्या असंख्य चुली पेटल्या. त्यांना चौकट लागली नाही, खिळाही लागला नाही.

चौकट आणि खिळा या दोन गोष्टींपाशी हौसेची खरी कसोटी लागते. मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवर घासाघीस करून घेतलेला छाप आधीच काचेत असेल, तर तो लोकलने आणावा लागतो. सीएसएमटीहून बदलापूर दीड तासाच्या आसपास. गाडी फलाटाला लागण्याआधीच लोक उड्या मारून खिडक्या पकडतात, आणि तेवढ्या वेळात वर्तमानपत्रात गुंडाळलेला राजवाडा छातीशी धरून उभा असलेला इसम दाराजवळच अडकतो. ठाण्यापर्यंत त्याला शिव्या मिळतात. पण मराठी लोकलचा एक अलिखित धर्म आहे, आणि तो काच पाहिल्यावर जागा होतो. ‘देवाचा फोटो आहे का?’ असे कुणीतरी विचारते. हा इसम थकव्यामुळे नुसती मान हलवतो. आणि क्षणात चौथ्या सीटवरचे काका अर्धवट उठून म्हणतात, ‘अहो मग खाली काय ठेवताय, द्या इकडे मांडीवर.’ अशा रीतीने ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा उन्हाळी प्रासाद डोंबिवलीपर्यंत पाय न लागता येतो, कल्याणला दुसऱ्या मांडीवर बदली होतो, आणि ज्या गावाचे नाव घोडे बदलण्यावरून पडले अशी आख्यायिका आहे तिथे सुखरूप उतरतो.

चौकट नवी करायची असेल तर स्टेशनबाहेरच्या फ्रेमवाल्याशी तात्त्विक संघर्ष होतो. ग्रंथ सांगतात की कागदामागे आम्लविरहित पुठ्ठा असावा, काच कागदाला चिकटू नये, आणि चित्राचा मध्यबिंदू जमिनीपासून ५७ इंचांवर यावा. फ्रेमवाला मागे हार्डबोर्ड लावतो, फट राहू नये म्हणून त्यावर जुने वर्तमानपत्र चिकटवतो आणि ‘पन्नास वर्षं हलणार नाही’ असे सांगतो. पावसाळ्यात, म्हणजे या गावी वर्षातले चार महिने, भिंतीला ओल येते आणि कागदावर तपकिरी ठिपके उमटतात. इंग्रजीत त्याला कोल्ह्यावरून नाव आहे, मराठीत ‘बुरशी’ म्हटले की भागते. राहिला मध्यबिंदू. २६ जुलै २००५ च्या महापुरात ज्या तळमजल्यांत पाणी शिरले त्या घरांना ५७ इंचांचा नियम सांगून उपयोग नसतो. तिथे प्रत्येक भिंतीवर नदीने स्वतःच्या हाताने एक रेघ आखून दिली आहे, आणि राजवाडा त्या रेघेच्या वर वीतभर लावण्याचा निर्णय सुज्ञ गृहिणी कोणत्याही ग्रंथावाचून घेते. परिणामी पाहुण्यांना लुव्र पाहताना मान वर करावी लागते, जे मुळात लुव्रच्या मालकांना अपेक्षितच होते.

भाड्याच्या घरात करारनामा अकरा महिन्यांचा आणि त्यातले एक कलम भिंतीला खिळा न ठोकण्याचे असते, म्हणून तिथले राजवाडे सोफ्याच्या पाठीवर टेकून निर्वासितासारखे दिवस काढतात. स्वतःच्या घरात कायदा आड येत नाही, भिंत येते. जुन्या इमारतीत विटेवर घाव घातला की खिळा बसे. नव्या इमारतींत दोनच जाती आढळतात : एक सिपोरेक्सची, जिच्यात खिळा अंगठ्यानेही जातो आणि तितक्याच सहजपणे, बहुधा रात्री दोन वाजता, राजवाड्यासकट बाहेर येतो, आणि दुसरी मायव्हन पद्धतीच्या सलग काँक्रीटची, जिच्यावर ड्रिल मशीन किंचाळते, शेजारचे आजोबा बेल वाजवतात, आणि अखेर तांदळाएवढा खळगा पडतो. बास्तीलचा तुरुंग एका दुपारी पडला. त्याचे चित्र लावायला दोन रविवार लागतात.

वास्तुशास्त्राचा भाग थोडक्यात आटोपता येतो, कारण त्यात कोणाचे एकमत नाही. एक तांत्रिक पेच मात्र नोंदवण्याजोगा आहे. अठराव्या शतकात ‘व्ह्यू द’ऑप्टिक’ नावाचे भडक रंगाचे स्वस्त छाप निघत. भिंग आणि आरसा बसवलेल्या खोक्यातून ते पाहायचे असल्यामुळे वरचे शीर्षक उलट्या अक्षरांत असे आणि कित्येकदा सगळी इमारतच डावी-उजवी उलटलेली असे. आता पूर्वाभिमुख राजवाडा या चित्रात पश्चिमाभिमुख झाला, आणि चित्र उत्तरेच्या भिंतीवर लावले, तर लक्ष्मी नेमकी कोणत्या दाराने येते, याचे उत्तर देण्यास बदलापूरच्या एकाही वास्तुतज्ज्ञाने अद्याप फी घेतलेली नाही.

इतके सगळे झाल्यावर राजवाडा लागतो कुठे, हा प्रश्न उरतो. हॉलची मोठी भिंत टीव्हीची, दुसरी खिडकीची, तिसरीवर घड्याळ आणि लग्नाचा फोटो. चौथ्या भिंतीवर, दाराशेजारी, बुटांच्या रॅकच्या वर, बिल्डरने विजेच्या खटक्यांची एमसीबीची पेटी बसवलेली असते. ती कुणालाच आवडत नाही, ती नेमकी डोळ्यांच्या उंचीवर असते, आणि तिचा आकार अठराव्या शतकातल्या मध्यम पत्र्याशी आश्चर्यकारकरीत्या जुळतो. तेव्हा सुमारे २,३०० खोल्यांचे व्हर्साय तिच्यावर झाकण म्हणून टांगले जाते. जुलैत मुसळधार पाऊस कोसळला, गिझर आणि इस्त्री एकदम चालू झाली, की खटका पडतो आणि घर अंधारते. मोबाईलचा उजेड धरला जातो; घरचा कर्ता पुरुष ‘धर गं जरा’ म्हणत राजवाडा दोन्ही हातांनी उचलतो; हुक सिपोरेक्सच्या भुशासकट हातात येतो; आतला काळा खटका वर होतो. दिवे येतात, पंखा फिरतो, मालिका जिथे थांबली होती तिथून पुढे सरकते. व्हर्साय मात्र भिंतीकडे तोंड आणि खोलीकडे पाठ करून बुटांच्या रॅकवर उभे राहते, आणि फ्रेमवाल्याने त्याच्या पाठीवर चिकटवलेल्या वर्तमानपत्रातली, स्टेशनपासून पाच मिनिटांवर प्रशस्त घरे देऊ करणारी जाहिरात येणारा-जाणारा रविवारपर्यंत वाचत राहतो.